आहाराचा प्रकल्प करताय? या चुका टाळा

नववी-दहावीच्या आहार प्रकल्पांच्या वह्या उघडल्या की बहुतेकींत तेच सापडतं: भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, शेवभाजी, खापरावरचे मांडे. खानदेशात रोज मांडे कोण खातं? "तुमच्याकडे काय खातात?" असं विचारलं की समोरचा पाहुण्यांना वाढायचं ताट सांगतो. त्याऐवजी काल सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय काय खाल्लं ते क्रमाने विचारा, चहा-बिस्किटासकट. जमलं तर अहिराणीतच. कालचा दिवस एकादशीचा किंवा आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) निघाला, तर तशी नोंद करून एखाद्या साध्या दिवशी पुन्हा जा.

खरा घोळ भाकरीत होतो. 'दोन भाकरी' एवढंच लिहिलं तर काहीच कळत नाही, कारण एका घरची भाकरी दुसऱ्या घरच्या दीडपट असू शकते. तव्यावरची भाकरी तोलूनही भागत नाही, तिच्यात पाणी असतं. पोषणमूल्यं ज्यांवरून काढायची ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे अन्नघटक तक्ते मुख्यतः कच्च्या जिन्नसांचे आहेत. म्हणून परातीत घेतलेलं पीठ मोजा आणि भाकऱ्यांच्या संख्येने भागा. पीठ कशाचं तेही विचाराच. कळण्याची भाकरी ज्वारीच्या रकान्यात टाकली की उडीद हिशेबातून गायब! १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिनं साधारण १० ग्रॅम, उडदात त्याच्या दुपटीहून जास्त. दळणात दोन्हींचं प्रमाण घरोघरी वेगळं असतं, ते दळण करणारीलाच माहीत.

तेल चमच्यांत विचारू नका. फोडणी अंदाजानेच पडते. महिन्याला किती लागतं ते विचारा. पाच माणसांना चार लिटर, म्हणजे माणशी रोज सुमारे २४ ग्रॅम. भरीत पार्टीचं तेल वेगळं धरा, नाहीतर हिवाळ्याचे आकडे फसतात.

अख्ख्या घराला एकच ताट धरू नका. आई बहुधा शेवटी जेवते, तिच्या वाट्याला भाजी किती उरली ते तिलाच विचारा, शक्यतो सासूबाईंच्या समोर नाही. (बाबांना विचारून उपयोग नाही, त्यांना माहीत नसतं.)

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे पावसाळ्यात रानभाज्या निघतात, त्यांचा उन्हाळ्यातल्या पाहणीत पत्ताही नसतो. तेव्हा शीर्षकातच महिना लिहा. आणि कुणाचं वजन वर्गात मोठ्याने वाचू नका. वहीत नावाऐवजी घर क्रमांक १, २ असं लिहा, नावांची यादी बाईंकडे ठेवा.