विद्यापीठ पण बदलायचंय आणि मेजर (मुख्य विषय) पण? मग टीसी जागा पक्की झाल्यावरच काढा

फर्स्ट इयर संपतं आणि लक्षात येतं की फिजिक्स काही आपलं नाही, स्टॅटिस्टिक्स करायचंय आणि ते पण पुण्यात. घरचे म्हणतात वर्ष वाया जाईल. जातंच असं नाही, पण कामांचा क्रम चुकला तर जातं. माझी मावसबहीण नागपूरहून पुण्याला येणार होती, तिने घाईघाईत आधी टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढली आणि मग नवीन कॉलेजात कळलं की सेकंड इयरला जागाच नाहीये. खूप रडली ती. म्हणून हे लिहितोय. हे सगळं बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी आहे, इंजिनिअरिंग-फार्मसीचं गणित वेगळं असतं.

आधी बघा की विद्यापीठ खरंच बदलायची गरज आहे का. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा जो आराखडा काढला त्यात पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच शाखेत मेजर बदलायची सोय आहे, म्हणजे सायन्सवाल्याला सायन्समधलाच दुसरा विषय. तो विषय तुमच्याच कॉलेजात असेल तर एवढी धावपळ कशाला?

नसेल तर नवीन कॉलेजात स्वतः जा आणि एचओडींना (विभागप्रमुखांना) भेटा, फोनवर कोणी नीट सांगत नाही. जाताना मार्कशीट आणि फर्स्ट इयरचा पूर्ण सिलॅबस न्या, कारण ते तुमचे पेपर त्यांच्या पेपरांशी ताडून बघणार. इथेच सगळ्यांचा गैरसमज होतो. डिजिलॉकरवर अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) काढला, अकॅडमिक बँकेत, म्हणजे पास केलेल्या पेपरांचे क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात तिथे, वर्षाचे ४०-४४ क्रेडिट दिसायला लागले की पोरांना वाटतं झालं काम, पण क्रेडिट जमा असणं वेगळं आणि नवीन विद्यापीठाने ते मेजरसाठी धरणं वेगळं. फिजिक्सचे क्रेडिट स्टॅटिस्टिक्सच्या मेजरमध्ये कसे बसणार? स्टॅटिस्टिक्स आधीच मायनर (दुय्यम विषय) म्हणून घेतलं असेल तर बोलणं बरंच सोपं होतं. नसेल तर फर्स्ट इयरचे राहिलेले पेपर द्यावे लागतील का, किती आणि कधी, हे लेखी घ्या. एटीकेटी (नापास झालेला विषय) असेल तर ती पण आत्ताच सांगून टाका, लपवू नका.

जागा आहे आणि सेकंड इयरला घेतो असं लेखी हातात आलं की मगच जुन्या कॉलेजात अर्ज करून टीसी घ्यायची. त्यानंतर जुन्या विद्यापीठाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट (दुसऱ्या विद्यापीठात जायला हरकत नसल्याचा दाखला) काढायचं आणि ते जोडून नवीन विद्यापीठाची एलिजिबिलिटी (प्रवेशाच्या पात्रतेची मंजुरी) करून घ्यायची. दोन्ही विद्यापीठं महाराष्ट्रातलीच आहेत म्हणून मायग्रेशन लागणार नाही असं धरून चालू नका. मायग्रेशनला वेळ लागतो, त्यामुळे रिझल्ट लागला की त्याच आठवड्यात पळापळ सुरू करा. एलिजिबिलिटी लटकलेली ठेवू नका, परीक्षेच्या तोंडावर तेच अंगाशी येतं.

महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) स्कॉलरशिप चालू असेल तर कॉलेज आणि कोर्स बदलल्यावर रिन्यूअल करायचं की नवीन फॉर्म भरायचा, हे दोन्हीकडच्या स्कॉलरशिप क्लार्कला विचारा. आणि ओरिजिनल टीसी, मायग्रेशन नवीन कॉलेजात जमा होतात, म्हणून त्याआधी दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा आणि मोबाइलमध्ये स्कॅन पण.