ऑटिझम असलेल्या मुलाचं दूध बंद करून पाहायचं असेल तर

दूध आणि गहू सोडला की मूल बोलायला लागतं, असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून सरळ उठा. ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी हे आहार वापरू नयेत, असं उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं २०१३ मध्येच लिहून ठेवलंय. मात्र मुलाचं पोट कायम बिघडत असेल, शौचाला त्रास होत असेल, तर करून पाहायला कारण आहे.

गहूही पुढेमागे बंद करणार असाल तर सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी आधी उरका. गहू सुटल्यावर केली तर आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते. पूर्वी कधी दुधानं अंगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, तर यातलं काहीही घरी करायचं नाही.

एका वेळी एकच गोष्ट. चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा, तूप बंद. बिस्किटांच्या पुड्यावर दूध भुकटी शोधा. वजन दर आठवड्याला. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण तेवढी नाचणी मूल खातंय कुठे? गोळीचं डॉक्टरांना विचारा. मोजून तीन पदार्थ खाणारं मूल असेल आणि त्यात दहीभात असेल, तर सुरुवातच करू नका.

इथवर सगळे येतात. दूध परत देऊन पाहायचं म्हटलं की मात्र पाय अडखळतात. ‘आता बरं चाललंय, कशाला छेडा?’ हे मी आयांकडून इतकं ऐकलंय की आता चिडचिड होते. त्याच महिन्यात थेरपी सुरू झालेली असते, शाळेला सुट्टी लागलेली असते, आणि घरातले सगळे फरक शोधत बसलेले असतात. श्रेय जातं दूध बंद केल्याला.

म्हणून आंधळी चाचणी, म्हणजे दूध कधी दिलं हे नोंदी ठेवणाऱ्याला कळूच द्यायचं नाही. नाचणी-खजुराच्या लाडवांचे दोन घाणे करा. एकात दूध भुकटी, दुसऱ्यात तितकाच खोबऱ्याचा कीस. ही मुलं चव-वास फार बारीक ओळखतात. खजूर त्यावर पांघरूण घालतो. लाडू आजीनं किंवा मावशीनं करायचे, डब्यांवर क आणि ख लिहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हे सर्वात अवघड, आजीला राहवत नाही! रोज दोन मोठे चमचे भुकटी पोटात जाईल असा हिशोब धरा. एक आठवडा क, एक आठवडा ख, मग पुन्हा तसंच. उलटी झाली, पुरळ आलं तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे.

वहीत रोज तीनच नोंदी: झोपेचे तास, शौच, किंचाळण्याच्या वेळा. ‘आज शांत वाटला’ ही नोंद नव्हे. रोचेस्टर विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात १४ मुलांना असाच लपवलेला खाऊ दिला होता. वागणं, झोप, शौच कशातच फरक सापडला नाही. तुमच्याकडेही बहुधा तेच होईल. मग दहीभात त्याच दिवशी परत ताटात. फरक दोन्ही फेऱ्यांत दिसला, तर वही घेऊन आहारतज्ज्ञाकडे जा.

गव्हाची पाळी आली तर पद्धत हीच, लाडवाऐवजी थालीपीठ. फक्त गिरणीत आधी गहू दळला असेल तर तो ज्वारीच्या पिठात येतोच, आणि डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.