जुन्या बाइकच्या फेअरिंगचा तुटलेला स्टे कसा दुरुस्त करावा

खड्ड्यातून जाताना हेडलाइट हलायला लागला, फेअरिंगच्या (हेडलाइटभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या) आतून खडखड ऐकू आली आणि हाताने दाबल्यावर एक बाजू खाली बसली, तर आतला लोखंडी स्टे तुटला आहे असं धरून चाला. चेसीच्या पुढच्या टोकाला बोल्टने बसणारी ही सळ्या-पट्ट्यांची चौकट फेअरिंग, हेडलाइट आणि बऱ्याच गाड्यांवर मीटरचंही वजन पेलते. झिप टाय किंवा एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका. फेअरिंग घसरून हँडलला अडकली तर वळणावर हँडल वळणारच नाही.

माझ्याकडे २२३ सीसीची जुनी करिझ्मा आहे, २००३ मध्ये हे मॉडेल आलं त्या सुरुवातीच्या काळातली. तिचा स्टे मी दोनदा जोडला. पहिलं वेल्डिंग चांगलं होतं, तरी चार महिन्यांत शेजारीच नवी चीर पडली. कारण नंतर कळलं: मागे कधीतरी एका गॅरेजमध्ये फेअरिंग उघडली होती, तेव्हा दोन रबरं परत बसवलीच नव्हती. इंजिनाचा कंप थेट लोखंडात जात होता. म्हणून तुटलेला भाग जोडण्याआधी तो का तुटला ते शोधा. रबर गेलंय, बोल्ट सैल आहे, की गाडी कधी पडून स्टे वाकला होता?

उघडण्याआधी गाडी भिंतीसमोर सरळ उभी करा, फेअरिंग हाताने जागेवर धरा आणि लो बीमची वरची कड भिंतीवर खडूने आखून घ्या. चाकांची जागाही फरशीवर आखा. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, वायरी कुठून कशा जातात त्याचे तर नक्कीच. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि फेअरिंग उतरवा. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, त्यामुळे लॉक ओढून नव्हे, सरळ रेषेत हलकेच सोडवा. बोल्ट गंजला असेल तर तेल मारून रात्रभर ठेवा.

स्टे सुटा झाला की आधी चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड, आणि पुढचं सगळं त्यालाच लागू आहे. नाही चिकटला तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम. ते आर्गन वेल्डिंगवाल्याकडेच द्या. आणि चीर स्टेमध्ये नसून चेसीच्या कानात (स्टे ज्याला बोल्टने बसतो त्या चेसीच्या भागात) असेल तर घरी हात लावू नका, ते चेसीचं काम जाणणाऱ्याचं आहे.

आता खरी मेहनत. तुटीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच रंग आणि गंज कानशीने किंवा ग्राइंडरने पूर्ण काढा, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. जस्ताचा मुलामा असेल तर तोही घासून काढा. वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. स्टे पूर्ण तुटला नसेल, नुसती चीर असेल, तर चिरेच्या अगदी टोकाला ३ मिमीचं भोक पाडा. चीर तिथेच थांबते. मग चिरेवर व्ही आकाराची खाच करा, म्हणजे वेल्डिंग खोलवर उतरतं.

पोकळ नळी असेल तर आत घट्ट बसेल असा सळईचा तुकडा घाला, तुटीच्या दोन्ही बाजूंना इंचभर जाईल इतका. नळीची दोन्ही तोंडं बंद होणार असतील तर २ मिमीचं भोक ठेवा, नाहीतर आत कोंडलेली गरम हवा वितळलेलं लोखंड बाहेर फेकते.

सर्वात जास्त चुका होतात त्या मापात. दोन तुकडे डोळ्यांनी जुळवून वेल्ड केले की फेअरिंगची भोकं ५-६ मिमी सरकतात आणि बोल्ट बसवायला प्लास्टिक ओढावं लागतं. तो ताण पुन्हा स्टेलाच तोडतो. म्हणून स्टेचे तुकडे गाडीवर बोल्टने बसवा, फेअरिंग लावून भोकं जुळवा, आणि त्या स्थितीत तुटीवर लाकडी पट्टी तारेने आवळा. मग फेअरिंग काढा, पट्टीसकट स्टे उतरवा आणि वेल्डिंगच्या दुकानात न्या. गाडीवरच वेल्डिंग करू नका. टाकीत पेट्रोल आहे, वायरिंग आहे, सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आहे.

पातळ नळीला साधं रॉडचं वेल्डिंग भोकं पाडतं. सीओटू किंवा आर्गन गॅसचं वेल्डिंग करणारा शोधा. आधी चार ठिकाणी नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारायला सांगा. पट्टी काढून घरी आणा, फेअरिंग लावून बघा, मगच पूर्ण वेल्डिंग करून घ्या. दोन खेपा होतात, पण ही खेप वाचवू नका. आधारासाठी ३ मिमीची पट्टी लावायची तर तिची टोकं निमुळती ठेवा. चौकोनी कापलेल्या पट्टीच्या कडेलाच पुढची चीर पडते.

स्टे आपोआप थंड होऊ द्या, पाणी ओतू नका. मग रेडऑक्साइड आणि वर काळा रंग.

बसवताना प्रत्येक रबरी ग्रोमेटमध्ये (बोल्टच्या भोकातल्या रबराच्या कड्यात) लोखंडी कॉलर, म्हणजे छोटं नळकांडं, आहे ना, ते बोट घालून बघा. बोल्ट त्या कॉलरवर आवळला जातो आणि फेअरिंग रबरावर तरंगत राहते. कॉलर नसेल तर बोल्ट रबराचा चुराडा करतो. कडक झालेली रबरं सगळीच बदला. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे लावा, शेवटी क्रमाने आवळा. १० नंबर पान्याचे छोटे बोल्ट कॉलरला टेकले की बस. जास्त जोर लावला तर आटे जातात. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा, वायर किंवा क्लच केबल कुठे ताणली जाता कामा नये. गाडी आखलेल्या जागी उभी करून लो बीम खडूच्या रेघेशी जुळवा.

दोनशे किलोमीटरनंतर टॉर्च हातात घेऊन स्टेकडे खालून बघा. वेल्डच्या शेजारी रंगावर केसाएवढी रेघ दिसली, तर फेअरिंग त्याच दिवशी उतरवा.