जीपचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवल्या, पण चाकं जाम होतात? माझा अनुभव

जुन्या ऑफरोड जीपला भंगारातले कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखे दाबणारे) आणि घरी कापलेले ब्रॅकेट लावून मागे डिस्क केल्या. ब्रेक लागायचा छान, सुटायचा नाही; थोडं चालवलं की डिस्क तापून वास. कॅलिपरच्या पिनांना ग्रीस, नवी सीलकिट, हँडब्रेकची केबल सैल, सगळं झालं. वैताग आला.

मग जॅकवर घेऊन ब्रेक दाबून सोडला. चाक घट्ट. मास्टर सिलेंडरकडचा (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा) मागच्या ब्रेकचा पाइप जरा सैल करताच ऑइल उडालं, चाक मोकळं. म्हणजे चाकाकडचा रबरी होज ठीक, दाब मास्टरमध्येच अडकत होता. ड्रमसाठी तिथे अनेकदा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, ब्रेक सोडल्यावरही साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवणारा. डिस्कला तो नको.

पाइप काढला. आउटलेटमधल्या पितळी सीटमध्ये स्क्रू फिरवून सीट ओढली, तिच्यामागचा हा रबरी व्हॉल्व्ह व स्प्रिंग काढली, आतला कीस धुतला, नवी सीट बसवली. मग लांबच्या चाकापासून ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं), कॅलिपरवरचा हवा सोडायचा निपल वरच्या बाजूला ठेवून.

मास्टर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल तर मात्र लाइनमध्ये 2 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लावा. आणि मोकळ्या मैदानात जोरात ब्रेक मारून बघा: मागची चाकं आधी लॉक होत असतील तर मागचा दाब कमी करणाऱ्या प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हशिवाय रस्त्यावर नेऊ नका.