डीजे मिक्सिंग शिकताय? फेडरला हात लावण्याआधीच्या या चुका टाळा

बडोद्यात डीजे शिकणाऱ्याला पहिलं काम क्लबमध्ये मिळत नाही. ते मिळतं सोसायटीच्या गरब्यात, दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरच्या हळदीला, नाहीतर मंडळाच्या गणपतीत. यूट्यूबवरचे धडे मात्र १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ बीट्स) हाऊस या क्लबमधल्या नाचसंगीताचे असतात. ठेका चाराचा, सुरुवातीला अर्धा मिनिट नुसता ड्रम आणि दोन्ही गाणी एकाच साच्यातली. घरी बसून ते छान जुळतं. मग हळदीला कोळीगीतावरून गरब्यावर आणि गरब्यावरून हिंदी गाण्यावर जायची वेळ येते आणि सगळं विस्कटतं. ‘अजून हात बसला नाही’ असं मुलं म्हणतात. मला ते पटत नाही. हात लवकर बसतो. मिक्स बिघडतो तो फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवण्याआधीच, म्हणजे मोजणीत, ग्रिडमध्ये (सॉफ्टवेअर गाण्यावर आखतं त्या बीट्सच्या रेघांत) आणि गेनमध्ये (गाण्याच्या आवाजाच्या पातळीत). तिथल्या चुका सुधारल्या तर साध्या कंट्रोलरवरही (लॅपटॉपला जोडायच्या मिक्सिंगच्या मशीनवरही) काम नेटकं होतं.

बीट जुळते, पण गाणं मध्येच घुसतं

चार बीट्सचा एक बार, आठ बारांची एक फ्रेज, म्हणजे ३२ बीट्स. १२८ बीपीएमला हे बरोबर १५ सेकंदांत होतं. बहुतेक नाचाची गाणी अशाच तुकड्यांत बांधलेली असतात. मुखडा, अंतरा, मधलं म्युझिक, सगळं फ्रेजच्या सुरुवातीला बदलतं. नवशिका बीट जुळवतो आणि खूश होतो, पण नवीन गाणं जुन्याच्या अंतऱ्यात पाचव्या बाराला सोडतो. लय बरोबर असते, तरी नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात.

उपाय मोजणीचा आहे. आठवडाभर मशीनला हात लावू नका. गाणं लावा, बोटांवर बार मोजा आणि पुढचा बदल कुठे येणार ते आधी सांगून बघा. तबला शिकलेल्यांना हे चटकन जमतं, कारण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची सवय त्यांना असते. आपल्या गावात तर त्याची सोय जुनी आहे. सयाजीरावांच्या काळात मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये सुरू केलेली गायनशाळाच आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे. डीजे व्हायचं असेल तर चार महिने तबल्याच्या वर्गाला जा, असं मी प्रत्येकाला सांगतो आणि अगदी मनापासून सांगतो.

याच्याच जोडीची दुसरी चूक क्यू पॉइंटची, म्हणजे गाणं जिथून सोडायचं त्या खुणेची. पुष्कळ गाण्यांत समेच्या आधी ढोलकीची उठाण असते किंवा गायक अर्धा शब्द आधीच उचलतो. सॉफ्टवेअर पहिला आवाज जिथे सापडेल तिथे गाण्याची सुरुवात धरतं. तुम्ही तिथून प्ले दाबलं की पूर्ण गाणं अर्धी-एक बीट सरकलेलं वाजतं. पहिला हॉट क्यू (बटणावर ठेवलेली अशी खूण) स्वतः ऐकून समेवर लावा. उठाण वापरायची असेल तर तिच्यासाठी दुसरा क्यू ठेवा.

सहाचा ठेका सॉफ्टवेअरला कळत नाही

बडोद्यातल्या डीजेचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे आणि कुठल्याही परदेशी धड्यात ते सापडत नाही. हींच तालातला गरबा सहाच्या चालीत असतो. प्रत्येक टाळीच्या पोटात तीन छोट्या मात्रा असतात. रेकॉर्डबॉक्स, सेराटो किंवा व्हर्च्युअल डीजे असो, गाणं चाराच्या ठेक्यात आहे असंच ते मुळात धरून चालतं. त्यामुळे जिथे पाय १०० च्या गतीने पडतो तिथे स्क्रीनवर १५० येतं. नवशिक्याला वाटतं गाणं फार जलद आहे. तो अर्धं करायचं बटण दाबतो, तर ७५ येतं. तेही चूकच. इथे दुप्पट-निम्म्याचा हिशेब चालत नाही, कारण घोळ तीनास दोनाचा आहे.

हे असं सोडवा. गाणं लावा आणि पायाने ठेका धरा. जिथे गरबा खेळणारा पाय टाकेल तिथे टॅप बटणावर बोट मारा. सोळा-वीस टॅप झाले की आकडा स्थिरावतो. तो हाताने टाका, ग्रिडची पहिली रेघ समेवर आणा आणि गाण्याच्या शेवटी जाऊन बघा. तिथेही रेघ थापेवर पडत असेल तर ग्रिड बरोबर आहे. शेवटी घसरली असेल तर दोन शक्यता असतात. आकडा थोडा चुकला असेल, नाहीतर गाणं वादकांनी प्रत्यक्ष वाजवलेलं आहे आणि त्यांची लयच हळूहळू चढत गेली आहे. जुन्या नॉनस्टॉप गरब्यांत हे सर्रास आढळतं. रेकॉर्डबॉक्समध्ये अशा गाण्यांसाठी डायनॅमिक ॲनालिसिस आहे, ते वापरून बघा. तरी नाही जमलं तर त्या गाण्याला सिंक (गती आपोआप जुळवणारं बटण) लावूच नका. मिक्स छोटा ठेवा, आठ-दहा सेकंदांचा, आणि तेवढा वेळ जॉग व्हीलवर (गाणं किंचित पुढे-मागे ढकलायच्या चाकावर) बोट ठेवून सांभाळा.

ग्रिड चुकीचं असेल तर फक्त सिंकच बिघडत नाही. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवलेला तुकडा, तोही तुटतो. १५० च्या ग्रिडवर चार बीट्सचा लूप घेतला तर तो तुमच्या पावलांच्या जेमतेम पावणेतीन टाळ्यांनंतर फिरतो आणि गोल रिंगणात चाललेल्या शंभर लोकांचा पाय एकदम चुकतो. इको आणि बीट-इफेक्टचंही तेच होतं.

आता सहावरून चारावर कसं जायचं? बीपीएम सारखं केलं, तरी दोन्ही ठेके एकावर एक वाजवू नका. एकात प्रत्येक टाळीचे तीन भाग पडतात, दुसऱ्यात दोन किंवा चार. दोन्ही मिळून नुसती खडखड होते. गरब्याच्या ओळीचा शेवट येऊ द्या, शेवटच्या शब्दावर इको टाका, फेडर खाली घ्या आणि पुढच्या समेवर नवीन गाणं सरळ सोडा. लोकांना तो मिक्सच वाटतो. उलट कोळीगीतावरून हींचवर जाताना लांब मिक्स खुशाल करा. बरीच कोळीगीतं सहाच्याच चालीत असतात, त्यामुळे ढोलकी आणि ढोल एकमेकांत सहज मिसळतात. मराठी हळदीत हा जोड इतका खुलतो की मी तो मुद्दाम राखून ठेवतो.

मिक्स चालू असताना लय सुटते

एक गाणं १२० वर आणि दुसरं १२०.५ वर असेल, तर ३२ बीट्सनंतर दोघांत साधारण ६७ मिलीसेकंदांचं अंतर पडतं. कानाला ते थापा दुहेरी पडल्यासारखं लागतं, घोड्याच्या टापांसारखं. घाबरून फेडर ओढू नका. नवीन गाणं मागे आहे असं धरून जॉग किंचित पुढे ढकला. बिघडलं तर उलट करा. एकाच दिशेला सारखं ढकलावं लागत असेल तर दोष पिचचा, म्हणजे गतीचा आहे. पिच फेडर केसभर सरकवा.

सिंक बटण वापरण्यात कमीपणा नाही. पण ते बंद पडलं की ज्याचे हात थांबतात तो अजून तयार झालेला नाही. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ चं, आणि १९७९ च्या एमके-२ वर अधिक-उणे ८ टक्क्यांचा पिच फेडर होता. पिढ्यान् पिढ्या डीजे त्याच्यावर स्क्रीनशिवाय नुसत्या कानाने शिकले. आठवड्यातून एक दिवस बीपीएमचा आकडा कागदाने झाकून सराव करा.

पिचबद्दल आणखी एक. मास्टर टेम्पो (गती बदलली तरी सूर तोच ठेवणारं बटण) बंद असेल तर गती ६ टक्के वाढवली की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. ओळखीच्या आवाजातलं गाणं असं चढलं की ते लगेच खटकतं. मास्टर टेम्पो चालू ठेवा, पण ८-१० टक्क्यांपलीकडे ताणू नका, गळा पाणचट होतो. त्यापेक्षा मधल्या गतीचं एखादं गाणं शोधा.

दोन बेस, दोन गळे

दोन्ही गाण्यांचा बेस एकाच वेळी उघडा ठेवला की आवाज मोठा होत नाही, गढूळ होतो. येणाऱ्या गाण्याचा लो (बेसचा नॉब) पूर्ण खाली ठेवून सुरुवात करा. फ्रेज संपताना एका हाताने जुन्याचा लो खाली आणि दुसऱ्या हाताने नव्याचा वर, हे एकाच थापेवर झालं पाहिजे. मध्ये तीन-चार सेकंद दोन्ही वर राहिले तर मैदानातल्या शेवटच्या माणसालाही ते कळतं.

बेसपेक्षाही वाईट म्हणजे दोन गायक एकदम. आपल्या गाण्यांत गळा लवकर येतो आणि उशिरापर्यंत राहतो, त्यामुळे मिक्सला जागा कमी मिळते. जिथे मधलं म्युझिक आहे तिथे आधीच क्यू लावून ठेवा. कॅमेलॉट चक्राने (गाण्यांच्या पट्ट्यांना आकडे-अक्षरं देणाऱ्या तक्त्याने) सूर जुळवायचा असेल तर ८ए वरून ७ए, ९ए किंवा ८बी वर जाता येतं. पण दोन गळे एकावर एक आले तर सूर जुळूनही उपयोग नाही.

लाल दिवा

गेन, ट्रिम, चॅनल फेडर, मास्टर, सगळ्यांनी आवाज वाढतो. म्हणून नवशिका जे हाताला लागेल ते फिरवतो. क्रम असा ठेवा: ईक्यू (बेस आणि वरच्या स्वरांचे नॉब) मध्यावर, गाण्याचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा भाग हेडफोनवर लावा आणि मीटर लालच्या खाली राहील इतपत ट्रिम (चॅनलच्या सुरुवातीचा आवाजाचा नॉब) द्या. हे प्रत्येक गाण्याला करा, कारण जुन्या रेकॉर्डिंगचा आणि नव्याचा आवाज सारखा नसतो. लाल लागलं तर मास्टर कमी करून भागत नाही. आवाज आधीच चॅनलमध्ये फाटलेला असतो, तो तसाच पुढे जातो. ट्रिम खाली घ्या. आवाज कमी पडतोय असं वाटलं तर साऊंडवाल्याला सांगा, ॲम्प्लिफायर वाढवणं त्याच्या हातात आहे. आणि मोबाइलवरून आलेली १२८ केबीपीएसची फाइल घरच्या स्पीकरवर चालून जाते, मोठ्या टॉप स्पीकरवर झांजा फुसफुसतात.

मैदानात बीट जुळलेली असते, पण कानाला चुकलेली वाटते

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुमचं टेबल एका टोकाला आणि स्पीकर २० मीटरवर असतील, तर आवाज तुमच्यापर्यंत ५८ मिलीसेकंद उशिरा येतो. एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानात ते लांबचे स्पीकर, असं जुळवायला गेलात तर तुम्ही बरोबर असलेलं गाणं चुकवाल. टेबलाशेजारी एक छोटा मॉनिटर मागा. नसेल तर हेडफोनमध्येच क्यू (येणारं गाणं) आणि मास्टर (बाहेर वाजणारं) दोन्ही मिसळून ऐका. सोसायटीच्या गरब्यात मिक्स फसण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि दोष मात्र हातांवर जातो.

कार्यक्रमाच्या दिवशी

पेन ड्राइव्ह मशीनला दिसत नसेल तर तो एनटीएफएस फॉरमॅटमध्ये असण्याची शक्यता मोठी. फॅट-३२ केलेला चालतो. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी कॉपी ठेवा आणि दुसरा ड्राइव्ह खिशात असू द्या. लॅपटॉपचं वायफाय, नोटिफिकेशन आणि स्लीप बंद करा. आवाज तुटत असेल तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर वाढवा.

स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज येत असेल तर बहुधा अर्थिंगचा फेरा आहे. लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून बघा. घूं थांबली तर दोष सापडला. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या किंवा साऊंडवाल्याकडून ग्राउंड लिफ्ट असलेला डीआय बॉक्स (आवाजाच्या वायरमधला अर्थचा जोड तोडणारी डबी) मागा. प्लगची अर्थची पिन काढण्याचा सल्ला देणारे भेटतील. ते कदापि करू नका. ओल्या मैदानात, लोखंडी ट्रसजवळ ती पिनच तुमचा जीव वाचवते.

वेळेचंही आधी ठरवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. नवशिके सगळ्यात चांगली गाणी शेवटाला राखतात आणि आयोजक येऊन मध्येच बंद करायला लावतात. शेवटची तीन गाणी आधी निवडा, त्यांची मिनिटं मोजा, बंद करण्याच्या वेळेतून ती वजा करा आणि त्या क्षणी मैदान कितीही रंगलेलं असलं तरी त्यातलं पहिलं गाणं लावा.