‘काकू, याला कोणता रंग चालेल?’ : रंगीत शीट आणि चष्म्याच्या या चुका टाळा

युनिट टेस्टचे पेपर घरी आले की माझा फोन वाजायला लागतो. “काकू, व्हिडिओत बघितलं, पानावर पारदर्शक पिवळी शीट ठेवली की मुलं भरभर वाचतात. आमच्या चिंटूला कोणता रंग चालेल?” चिंटूला मी पाहिलेलं नाही, त्याचे डोळे कुणी तपासलेले नाहीत, आणि रंग सांगायचा तो फोनवर! मी इंदुरात रामबागेत वाचनात मागे पडलेल्या मुलांना शिकवते. बहुतेक घरात मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, अशी तीन भाषांत ओढाताण होणारी मुलं. त्यांच्या पालकांना (आणि काही शिक्षकांनाही) तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी प्रकरण काय आहे ते. काही जणांना पांढऱ्या कागदावरच्या काळ्या ओळी बघवत नाहीत. अक्षरं हलतात, ओळी लाटेसारख्या वाटतात, दोन शब्दांमधली पांढरी जागा डोळ्यात घुसते, कपाळ दुखतं. न्यूझीलंडच्या ऑलिव्ह मिअर्स या शिक्षिकेने 1980 मध्ये अशा मुलांबद्दल लिहिलं. 1983 मध्ये अमेरिकेतल्या हेलन अर्लेन यांनी त्यावर रंगीत फिल्टरचा उपाय मांडला. पुढे इंग्लंडमध्ये आर्नल्ड विल्किन्स यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. जवळजवळ येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या काही मेंदूंना सोसत नाहीत आणि छापील पान म्हणजे शेवटी पट्ट्याच, असं त्यांचं म्हणणं. आपल्या देवनागरीत तर प्रत्येक ओळीवर शिरोरेघेची पट्टी आयतीच मारलेली.

दुसरी बाजूही ऐका. 2009 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जाहीर केलं, की रंगीत काचांनी डिस्लेक्सिया (हुशार मुलालाही वाचणं-लिहिणं जड जाणं) बरा होतो याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. 2016 मध्ये इंग्लंडमध्ये तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हाही बहुतेक प्रयोगच कच्चे निघाले. माझ्या वर्गातल्या मोजक्या मुलांना शीटने बरं वाटतं, ती आपणहून मागून घेतात, आणि मी देते. पण त्याला कुणी इलाज म्हटलं की माझं डोकं फिरतं.

डोळे न तपासता रंगाच्या मागे लागणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि यावर मी जरा लांबण लावणार आहे.

सहावीतला एक मुलगा. आई-वडील त्याला घेऊन आले तेव्हा त्याच्या नाकावर निळ्या काचांचा चष्मा होता. एका दुकानातून घेतलेला, नंबर शून्य. दुकानदाराने सांगितलं होतं, “ये डिस्लेक्सियावाला ग्लास है, छह महीने में फरक दिखेगा.” सहा महिने उलटून गेले होते. पैसे किती मोजले ते वडिलांनी सांगितलं नाही, पण आईने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून अंदाज आला.

मी त्याला हिंदीचं पुस्तक दिलं आणि काही न बोलता बघत बसले. पहिलं पान ठीक. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्याने डावा तळहात चष्म्याच्या आतून डोळ्यावर नेला आणि एकाच डोळ्याने वाचायला लागला. लगेच वेग वाढला! हात काढायला सांगितलं की अडखळायचा, भुवया चोळायचा. हे इतकं सवयीचं झालं होतं, की घरच्यांना ती ‘त्याची बसायची स्टाइल’ वाटायची.

एक डोळा झाकल्यावर अक्षरं स्थिर होत असतील, तर भानगड बहुतेक दोन डोळ्यांच्या जुळणीत असते. तिथे रंगाचं काही काम नाही. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि थेंब टाकूनच नंबर काढायला सांगितलं. दोन्ही डोळ्यांना प्लसचा नंबर निघाला, चांगला तीनच्या घरात. जवळचं बघायला तो इतका जोर लावत होता की डोळे आतल्या बाजूला ओढ घेत होते. साध्या पांढऱ्या काचांचा चष्मा लागला आणि काही आठवड्यांत हात डोळ्यावरून खाली आला. वाचन अजून कच्चंच होतं, ते आम्ही नंतर वर्षभर बसून सुधारलं. पण डोकेदुखी गेली. निळा चष्मा धाकट्या बहिणीने बाहुलीला घातला.

“पण शाळेत तपासणी झाली होती, 6/6 आहे” हे मला प्रत्येक जण सांगतो. प्लसच्या नंबरचं मूल लांबचा तक्ता झोकात वाचतं. लहान वयात डोळ्यातलं भिंग जोर लावून ती कसर भरून काढतं, म्हणून नंबर लपून राहतो. थेंबांनी तो जोर सैल पडतो आणि खरा आकडा बाहेर येतो. नुसत्या ‘कम्प्युटर’वर काढलेला नंबर लहान मुलांत सहसा मायनसकडे झुकतो, त्यावर विसंबू नका. थेंबांनी दिवसभर जवळचं धूसर दिसतं म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका, एवढंच. “थेंब नको, त्रास होतो” म्हणून तपासणी टाळणारे पालक तासन्‌तास रंगांचे व्हिडिओ बघतात, याचं मला कोडं आहे.

घरी करण्यासारखं एक : पेनाचं टोक मुलाच्या नाकासमोरून हळूहळू जवळ आणा. नाकापासून 10 सेंटिमीटरवर पोचण्याआधीच एकाचे दोन दिसायला लागले किंवा एक डोळा बाहेर सरकला, तर डोळे जवळ वळवण्याची ताकद कमी पडते आहे. याला व्यायाम आहेत आणि ते कामाचे आहेत. डॉक्टरांकडूनच शिकून घ्या.

आणि हे सगळं अचानक सुरू झालं असेल, म्हणजे कालपर्यंत नीट वाचणारं मूल एकदम उजेड टाळू लागलं, दोन-दोन दिसतं म्हणू लागलं, उलट्या होऊ लागल्या, तर शीटचा विषयच काढू नका. सरळ डॉक्टर गाठा.

“कोणता रंग आवडतो?” असं विचारणं

आवडतो म्हटलं की मुलगी गुलाबी उचलणार आणि मुलगा निळा. झाली तुमची तपासणी!

एका बाई मोठ्या उत्साहाने लेकीला घेऊन आल्या. गुलाबी शीट ठेवली आणि मुलीने धडा घडाघडा म्हणून दाखवला. आई माझ्याकडे विजयी मुद्रेने बघतेय. मी पोरीची नजर बघत होते, ती ओळीच्या मागे पडत होती आणि तोंड पुढे पळत होतं. मी शीट तशीच ठेवून पुढचा, न शिकवलेला धडा उघडला. तिसऱ्या शब्दावर गाडी अडली. आदल्या आठवड्यात रोज तोच धडा घोकून घेतला होता. दुसऱ्यांदा वाचलेलं पहिल्यापेक्षा जलद होतंच, त्यात रंगाचं काय कौतुक?

विल्किन्स यांची वाचन-वेगाची चाचणी मला इथे पटते. सोपे, मुलाला पक्के येणारे 15 शब्द घ्यायचे. तेच शब्द प्रत्येक ओळीत उलटेपालटे करून 10 ओळी छापायच्या, मुद्दाम बारीक टायपात, ओळी जवळजवळ. एका मिनिटात बरोबर किती वाचले ते मोजायचं. अर्थ लागत नाही, त्यामुळे अंदाजाने ठोकता येत नाही आणि पाठही होत नाही. मराठीसाठी माझी एक ओळ अशी : ‘घर तो बघ आई मला जा वर पाणी हे कर आता दोन ती बस नको’. मुलं हसतात, हसू द्या.

आता क्रम. आधी शीटसह, मग शीटशिवाय, पुन्हा शीटशिवाय, पुन्हा शीटसह. म्हणजे सरावाचा आणि कंटाळ्याचा हिशेब दोन्ही बाजूंना सारखा पडतो. मी मध्ये एकदा बिनरंगाची पारदर्शक शीटही ठेवते आणि “काहींना ही बरी वाटते” म्हणते. तिनेही तेवढाच फरक पडला, तर रंगाचं श्रेय संपलं. दोन-चार शब्द इकडेतिकडे झाले तर मी ढुंकूनही बघत नाही. निदान 15 टक्के फरक हवा, आणि आठ-पंधरा दिवसांनी परत घेतल्यावरही तो टिकायला हवा. “बरं वाटतंय ना? दिसतंय ना नीट?” असं विचारू नका. मूल तुमचं तोंड बघून हो म्हणतं.

पालकांना हे किचकट वाटतं. दहा मिनिटांचं काम आहे. ज्यांना दहा मिनिटं नाहीत, त्यांच्याकडे हजारोंच्या चष्म्याला पैसे मात्र असतात.

जिलेटिनचा जुगाड

खजुरी बाजारात जिलेटिन कागद स्वस्तात मिळतो, म्हणून तोच वहीवर पसरतात. तो चुरगळतो, चकाकतो, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं ओळीवर पाडतो आणि बहुतेक वेळा रंग नको इतका गडद असतो. लाल जिलेटिनखाली बाईंनी लाल पेनाने केलेल्या खुणा दिसेनाशा होतात. निळ्याखाली नकाशातली नर्मदा पुसट होऊन जाते, आणि मग भूगोलात मार्क का गेले म्हणून विचारायला येतात. रंगीत एल फोल्डर कापून वापरणारे त्यातल्या त्यात शहाणे, पण फिका, शक्यतो एक बाजू मॅट असलेला घ्या आणि मॅट बाजू वर ठेवा. पूर्ण पान झाकेल एवढा हवा, चतकोर तुकडा नको. रंगाच्या चित्रांसाठी, नकाशासाठी शीट बाजूला काढायची हे मुलाला सांगून ठेवा.

आणि त्याआधी फुकटातला उपाय करून बघा. पानाची झेरॉक्स मोठी करून घ्या. राखाडी पुठ्ठ्यात एक-दोन ओळी मावतील एवढी खिडकी कापा आणि ती पानावरून सरकवा. वरखालच्या पट्ट्याच दिसल्या नाहीत तर बऱ्याच जणांची तक्रार तिथेच मिटते. माझ्या वर्गात शीटपेक्षा ही खिडकीच जास्त फिरते.

उजेडाकडे लक्ष न देणं

जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण 1989 मध्ये विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ऑफिसात दिवे बदलून बघितले, तेव्हा न लुकलुकणाऱ्या दिव्यांखाली लोकांची डोकेदुखी कमी झाली होती. स्वस्तातले काही एलईडीही असेच लुकलुकतात. आधी दिवा बदला, टेबल खिडकीजवळ न्या, पण आपल्या माळव्याचं दुपारचं ऊन थेट पानावर घेऊ नका. रंग एका उजेडात ठरवला आणि मूल दुसऱ्याच उजेडात बसत असेल, तर तो रंग कामाचा नाही. ज्या खोलीत अभ्यास होतो तिथेच तपासा.

शीटचा रंग चष्म्यात

शीट पिवळी आवडली म्हणून काचा पिवळ्या करून घेतात. शीटखाली फक्त पान रंगतं, चष्म्यात सगळं जगच रंगतं, आणि मेंदू त्या रंगाला सरावतो. म्हणून दोन्हींचा रंग बऱ्याचदा वेगळा येतो. इंग्लंडमध्ये चष्म्याचा रंग ठरवायला कलरीमीटर नावाचं वेगळं यंत्र वापरतात. आपल्याकडच्या दुकानातलं शेड कार्ड गॉगलसाठी असतं. महिनोन्‌महिने शीट आपणहून वापरली जात नसेल, तर मी चष्म्याचं नावही काढू देत नाही.

गडद काचा रात्री गाडी चालवताना अजिबात नकोत. कॉलेजातल्या मोठ्या मुलांना हे सांगावं लागतं.

शीट मिळाली म्हणून शिकवणं बंद

डिस्लेक्सियाचा मूळ घोळ अक्षर आणि आवाज यांची सांगड घालण्यात असतो. ‘क’ला काना दिला की काय होतं, ‘स्त’ आणि ‘त्स’ यांत आधी काय बोलायचं, हे पिवळ्या कागदाला माहीत नसतं. ते रोज थोडं थोडं, आवाज फोडून, लिहून, वाचून शिकवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. शीट आल्यावर “आता महिनाभर बघू” म्हणून क्लास सोडणारी मुलं महिन्याने जिथे होती तिथेच परत येतात. आता मी प्रवेशाच्या वेळीच सांगते, क्लास सोडायचा असेल तर शीट इथेच ठेवून जा.

बाकी किरकोळ

शीट मुलावर लादू नका. दप्तरात ठेवा आणि बघा, तो आपणहून काढतो का. आठवडाभरात कंपास बॉक्सच्या तळाशी गेली तर उत्तर मिळालं.

ओरखडे पडलेली, तेलकट बोटांची शीट काही कामाची नाही. मऊ कापडाने पुसा, वर्षाकाठी बदला.

मोबाइल-टॅबवर शीट चिकटवू नका, पडद्याच्या पार्श्वभूमीचा रंग आणि उजेड सेटिंगमधून बदलता येतो.

परीक्षेतल्या जादा वेळेसारख्या सवलती रंगीत शीटवर मिळत नाहीत. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) आहे, पण त्यासाठी रीतसर तपासणी आणि सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्याला महिने लागू शकतात, तेव्हा दहावीच्या जानेवारीत जागे होऊ नका. शीट परीक्षेला न्यायची असेल तर शाळेकडून आधी लेखी परवानगी घ्या, कोरी आणि बिनलिहिलेली शीटच न्या, आणि सराव परीक्षेत एकदा तीच वापरू द्या.