जुन्या चित्रांतली जीवनरेषा वाचताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या शाळा-कॉलेजांत चित्रकलेचे तक्ते लागले की परीक्षक म्हणून मला बोलावणं येतं. 'जीवनरेषा' हा विषय हल्ली फार लाडका आहे. तळहातावरची आयुष्यरेषा आणि जीव वाचवणारा दोर, इंग्रजीत दोन्ही 'लाइफ लाइन'च. तक्त्याच्या एका बाजूला हात पाहणारी बाई, दुसऱ्या बाजूला बुडत्या जहाजावरून दोराने ओढून आणलेला माणूस, मध्ये झेंडूच्या रंगाची चौकट. कल्पना चांगली आहे, पण मजकूर वाचला की डोकं फिरतं. चुकाही दरवर्षी त्याच.

तळहाताकडे टक लावून बसणं

ही सगळ्यात मोठी. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं भविष्य सांगणारीचं चित्र घ्या. १५९४च्या सुमाराचं आहे, रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात. त्यानेच काढलेली दुसरी आवृत्ती पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. पिसाची टोपी घातलेला एक सुखवस्तू पोरगा आणि त्याचा हात हातात घेतलेली जिप्सी मुलगी. आमची मुलं लगेच लिहितात, 'ती त्याची आयुष्यरेषा पाहत आहे.' अरे, नजर कुठे आहे बघा ना! ती त्याच्या डोळ्यांत पाहतेय आणि तो तिच्या. तळहाताकडे दोघांपैकी कोणाचंच लक्ष नाही. चित्राचा सगळा मामला तिच्या बोटांत आहे. ती बोटं हळूच त्याची अंगठी काढून घेतायत.

फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूरच्या भविष्य सांगणारीच्या चित्रातही हीच गत. सतराव्या शतकातलं हे चित्र सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. म्हातारी नाणं हातात धरून पोराला बोलण्यात गुंतवते, तेवढ्यात एक जण त्याच्या साखळीचं पदक कापते, दुसरी खिशात हात घालते. रेषांना इथे कोण विचारतो?

म्हणून माझी सवय अशी, की हाताचं चित्र समोर आलं तर आधी तळहात अंगठ्याने झाकायचा आणि उरलेलं चित्र पाहायचं. नजरा कुठे आहेत, मोकळा हात काय करतोय, मागे कोण उभं आहे. रेषा सगळ्यात शेवटी. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की म्हणतात, 'सर, डायरेक्ट अर्थ सांगा ना.' डायरेक्ट अर्थ पाहिजे असेल तर स्टेशनबाहेर पोपटवाला बसतो, त्याच्याकडे जावं.

उलटं छापलेलं चित्र

आमच्याकडच्या एका वाचनालयात एक पाहुणे वक्ते आले होते. नाव सांगत नाही. पडद्यावर हेच काराव्हाज्जोचं चित्र, पण डावं-उजवं उलटलेलं. मुलगी उजवीकडे, पोरगा डावीकडे. त्यामुळे पोराचा उजवा हात डावा झाला. वक्त्यांनी मग त्यावरच इमला चढवला. 'आपल्या शास्त्रात पुरुषाचा उजवा हात पाहतात. ही बाई डावा पाहतेय. म्हणजे चित्रकाराने इथेच इशारा दिला, की ही लबाड आहे!' टाळ्या पडल्या. मे महिना, पंखे गरम हवा फेकत होते, तरी लोक माना डोलावत होते.

मी उठून विचारलं, 'साहेब, त्याची तलवार कुठल्या कमरेला दिसतेय?'

'ते महत्त्वाचं नाही,' म्हणाले.

अहो, महत्त्वाचं तेच आहे. उजव्या हाताने उपसायची तलवार डाव्या कमरेला लटकते. पडद्यावर ती उजव्या कमरेला होती, म्हणजे चित्र उलटं. बाई लबाड आहे हा निष्कर्ष बरोबर निघाला, हे त्यांचं नशीब. पण वाट चुकीची होती आणि त्याच वाटेने ते पुढच्या गावी गेले असणार.

ही गल्लत फक्त मोबाइलमुळे होते असं नाही. ताम्रपटावर कोरून छापलेल्या जुन्या प्रतींत चित्र उलटं उमटतं. कोरणारा ते आधीच उलटं कोरायचा कंटाळा करी. म्हणून तलवार, लिहिणारा हात, कुठे अक्षरं असतील तर ती, एवढं पाहिल्याशिवाय डाव्या-उजव्या हातावर एक ओळही लिहू नका.

दोराची टोकं कापणं

अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचं १८८४चं 'द लाइफ लाइन', फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातलं. खवळलेल्या समुद्रावर ताणलेला दोर, त्याला लटकलेला माणूस आणि त्याच्या मिठीत शुद्ध हरपलेली बाई. त्याचा चेहरा वाऱ्याने उडालेल्या लाल शालीआड गेलाय. एका तक्त्यावर हे चित्र चारी बाजूंनी छाटून चिकटवलेलं होतं, फक्त ती दोघं. खाली मजकूर: 'झोक्यावरचे प्रेमी युगुल.' मुलांचं काय चुकलं म्हणा. दोराची टोकंच छाटली, तर राहिला झोकाच!

अख्खं चित्र पाहा. एका कडेला फुटक्या जहाजाचं शीड आहे, दुसरीकडे किनाऱ्याचा कडा. आपल्याकडच्या मोटेला कसा ओझं पेलणारा जाड नाडा वेगळा आणि सोंडेची बारीक दोरी वेगळी, तसं इथे आहे. जाड दोर जहाजापासून किनाऱ्यापर्यंत बांधून ठेवलेला, त्यावर कप्पी पळते आणि बारीक दोर किनाऱ्यावरचे लोक ओढतात. कप्पीखाली एक गोल कडं आणि त्याला विजारीसारखं कापड शिवलेलं, त्यात पाय घालून बसायचं. पहिला दोर जहाजापर्यंत कसा जायचा? किनाऱ्यावरून छोट्या तोफेने डागायचे. ही युक्ती इंग्लंडात कॅप्टन मॅन्बीने उखळी तोफ वापरून १८०८मध्ये यशस्वी केली. इंग्रज चित्रकार टर्नरने १८३१च्या सुमारास मॅन्बीचं साधन आणि बचावनौका दोन्ही एका चित्रात आणली.

हे कळलं की चित्र बदलतं. त्या बाईला एकटा वीर वाचवत नाहीये, दोर ओढणारे दहा हात चौकटीच्या कडेला आहेत. माझा नियम साधा आहे: दोर दिसला की दोन्ही टोकं शोधायची. एक जरी सापडलं नाही तर चित्र छाटलेलं आहे असं धरून मूळ शोधायचं.

काही किरकोळ

मायकेलएंजेलोच्या सिस्टाइन चॅपेलमधल्या अंतिम न्यायाच्या चित्रात दोन जीवांना वर ओढलंय ते दोराने नव्हे, जपमाळेने. मणी मोजता येतात, तरी लोक 'दोर' लिहितात.

असित मुनी बाळ सिद्धार्थाचा 'हात पाहतोय' असं अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याबद्दल लिहू नका. तो महापुरुषाची बत्तीस लक्षणं पाहतो, सबंध देहावरची.

प्रत्येक सुटकेत दोर असलाच पाहिजे असंही नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याला राक्षसिणींच्या बेटावरून पांढरा घोडा नेतो. दुसऱ्या लेण्यातलं तीन डोलकाठ्यांचं जहाज संकटात आहे, तिथे पूर्ण नावाचा बौद्ध भिक्षू धावून येतो. चौथ्या लेण्यात आठ महाभयांतून तारणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर नुसता उभा आहे, लोक हात जोडतात. तिथे दोर शोधत बसलात तर दिवस जाईल.

भेगेला रेषा समजणं मात्र जरा सांगतो. निजामाच्या काळात १९२०नंतर इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं. पुढे ते पिवळं पडलं, काळवंडलं. त्यामुळे एखादी गडद रेघ चित्रकाराची, भेगेची की रोगणाची हे एका फोटोवरून ठरत नाही. मी तरी दोन वेगळ्या काळातले फोटो शेजारी ठेवतो. जुन्या नकलांवर विसंबायचं तर तेही जपून. मेजर रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे, पण भुसावळकरांनाच तिचा पत्ता विचारावा लागतो.

आणि लेणी बघायला जाणार असाल तर आधी वार पाहा. सोमवारी अजिंठा बंद असतो. तरी दर सोमवारी फर्दापूरच्या फाट्यावर कोणी ना कोणी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत उभं असतंच.